चोरीला गेलेली पाखाडी

१

घरं फुटतात, होडीचं इंजिन जातं, देवळातल्या समयांनाही कधीमधी पाय फुटतात. पण आख्खी वाट चोरीला गेल्याचं आडबंदरात बापजन्मात कोणी ऐकलं नव्हतं.

गावपळण संपवून गाव सड्यावरून, डोंगरमाथ्याच्या कातळमाळावरून, खाली उतरत होता. डोक्यावर गाठोडी, काखेत कोंबड्या, मागे दोरीला बकऱ्या. नाझमीन आईचा, आलिमाचा, हात धरून हळूहळू चालली होती. गंगू मात्र सगळ्यांच्या पुढे झपाझप गेली होती. रापणीचं जाळं ओढणाऱ्या लोकांत गंगूचा शब्द शेवटचा, आणि तीन दिवस समुद्र पाहिला नाही की तिला अन्न गोड लागत नाही. घराचं दारही न उघडता ती तशीच किनाऱ्याकडे वळली आणि थोड्या वेळाने परत येऊन रस्त्यातच बसली.

"गो नाझमीन, पाखाडी नाय," ती म्हणाली.

"नाय म्हणजे काय?"

"नाय म्हणजे नाय. थंयसर आता काय एक नाय."

गावपळण काय असते हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. दर मार्गशीर्षात देवाला कौल लावायचा, आणि एखाद्या वर्षी देवाने निघायचा कौल दिला की हिंदू असो, मुसलमान असो, बाळंतीण असो की अंथरुणाला खिळलेला म्हातारा, सगळ्यांनी तीन रात्री वेशीबाहेर राहायचं. सड्यावर माडाच्या चुडतांच्या, म्हणजे झावळ्यांच्या, खोप्या बांधायच्या आणि गाव देवाच्या स्वाधीन करायचा. त्या दिवसांत वेशीच्या आत पाऊल पडता कामा नये. दारं उघडी टाकून गेलं तरी वाटी-चमचा हलत नाही, अशी या गावाची ख्याती होती.

आता पाखाडीच्या जागी सगळे जमले. कलमांच्या बागेतून किनाऱ्यावर उतरणारी जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची पाखाडी उचकटून नेली होती. वर माती पसरून, रोलर फिरवून, गवताचे तुकडेसुद्धा लावले होते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंनी ओढायचं जाळं. मासळीचा थवा दिसला की वाडीतला माणूस न् माणूस धावत खाली पोचला पाहिजे. पाखाडीने ते काम चुलीवरचा भात उतरवून जाण्याइतक्या वेळात होई. खाडीपुलावरून वळसा घालून गेलं तर मासळी काय वाट बघत थांबणार होती?

देवळाचे मानकरी आबा पुढे आले. देवाच्या अंगाला पाकळ्या लावून कौल घेणारे तेच. त्यांनी वाकून माती बोटांत चुरली.

"आपलो माणूस गावपळणीत वेशीत शिरूचो नाय," ते सावकाश म्हणाले. "ज्याका हो देव आपलो वाटणा नाय, तोच शिरतलो."

आबांनी कोणाचं नाव घेतलं नाही. पण दुसऱ्या रात्री सड्यावरून एकाच माणसाचा टेम्पो गायब होता, हे सगळ्यांना आठवलं. तो रमीझचा, म्हणजे नाझमीनच्या चुलतभावाचा होता.

२

नाझमीन आडबंदर नगरपंचायतीत नगररचना सहायक होती. म्हणजे बांधकामाचे अर्ज तिच्या टेबलावर येत, तिथे काही दिवस मुरत आणि मग साहेबांच्या टेबलावर जात. पाखाडीची ती कलमांची बाग मागच्या वर्षी मुंबईच्या एका कंपनीने घेतली आणि समुद्राच्या तोंडावर रिसॉर्टचा अर्ज टाकला. अडचण एकच होती. जागेतून लोकांच्या वहिवाटीची वाट जात असेल तर ती मोकळी सोडावी लागते, आणि ही वाट नेमकी बागेच्या मधून जात होती. मोकळी सोडली तर रिसॉर्टचे दोन तुकडे होतात.

आता फाइलमध्ये स्थळपाहणीचा अहवाल लागला होता. 'जागेवर कोणतीही वाट आढळून आली नाही.' पाहणी झाली होती गावपळणीच्या तिसऱ्या दिवशी.

मुख्याधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये कंपनीचा आर्किटेक्ट स्वरूप बसला होता. इस्त्रीचा शर्ट, पुण्याची मराठी.

"सर, लोकांच्या मोबाइलमध्ये पाखाडीचे फोटो आहेत," नाझमीन म्हणाली.

"असतील ना," स्वरूप म्हणाला. "जुन्या मालकाने स्वतःच्या बागेत स्वतःसाठी पायऱ्या केल्या होत्या. आमच्या ठेकेदाराने बाग साफ केली, त्यात गेल्या असतील."

"नेमक्या त्याच तीन दिवसांत?"

"मॅडम, पाहणीची तारीख तुमच्या ऑफिसने कार्तिकात दिली. बाग त्याआधी साफ करायची होती, म्हणून जेसीबीही तेव्हाच सांगून ठेवला. तुमच्या देवाचा कौल झाला मार्गशीर्षात. मग आम्ही काय देवाशी संगनमत केलं?"

साहेब मनापासून हसले. हसून झाल्यावर त्यांनी फाइल नाझमीनकडे सरकवली.

"हरकतींची सुनावणी पुढच्या सोमवारी आहे. अर्जदाराने ठरवून वाट उखडली, हे तुम्ही दाखवलंत तर मी अर्ज फेटाळतो. नाहीतर जागेवर जे दिसतं तेच खरं. तुम्ही स्थानिक आहात, बघा काय सापडतं ते."

केबिनबाहेर येईपर्यंत तिला कळून चुकलं की साहेबांनी दार उघडून दिलं होतं ते भिंतीकडे. तारीख आधी पडली होती आणि कौल नंतर झाला होता. गाव कधी रिकामा होणार हे देवाखेरीज कोणालाच माहीत नव्हतं, मग ठरवून करणार कोण?

३

पाहणी केली होती कनिष्ठ अभियंता सिद्धेशने. कणकवलीचा मुलगा, सरळ होता की घाबरट, हे ऑफिसात अजून कोणाला ठरवता आलं नव्हतं.

"गावात चिटपाखरू नव्हतं, तुला विचित्र वाटलं नाही?" नाझमीनने विचारलं.

"वाटलं ना. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. पण मला सांगितलं होतं जागा बघ. जागेवर वाट नव्हती, मी लिहिलं वाट नाही. तुम्ही असता तर काय लिहिलं असतं?"

"मी असते तर त्या दिवशी गेलेच नसते."

"म्हणूनच मला पाठवलं," तो बोलून गेला.

"कोणी पाठवलं?"

"तारीख आर्किटेक्टने मागितली होती. म्हणाला, हीच पाहिजे, दुसरी नको. साहेब म्हणाले, देऊन टाक." त्याने टेबलावरचा पेपरवेट उगाच फिरवला. "ताई, मला बदली हवीय. मला यात घेऊ नका."

ती जागेवर येऊन बसली. हीच तारीख हवी, असं ज्या अर्थी कोणी हटून बसतं, त्या अर्थी त्या दिवशी काय होणार हे त्याला ठाऊक असतं. स्वरूपला ते कोणी सांगितलं असेल, हा प्रश्न होता. तेवढ्यात आलिमाचा फोन आला.

"लवकर ये. रमीझाच्या टेम्पोचे काचे फोडल्यानी."

४

रमीझ दारात बसला होता. काचा गोळा करायचंही त्याने मनावर घेतलं नव्हतं.

"त्या रात्री खंय होतंस?" नाझमीनने विचारलं.

"दहा वेळा सांगलंय. मालवणच्या बंदरार मासळी भरलंय, गोव्याक जाय होतंय. इन्सुलीच्या तपासणी नाक्यार गाडी अडकवल्यानी. मासळी थंयच कुसली. कोणाक खरा वाटता? काल मशिदीच्या वाटेर माझ्या झिलाक विचारल्यानी, तुझ्या बापाशीन पाखाडी कितक्याक विकल्यान?"

तिला तो खोटं बोलत नाही हे माहीत होतं. पण माहीत असणं आणि दाखवता येणं यांत सगळी सरकारी नोकरी बसते. दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती एसटीने इन्सुलीला गेली. नाक्यासमोरच्या टपरीवर आनंदीबाई नावाची बाई चहा करत होती. रमीझचं नाव काढताच तिने नाकाला पदर लावला.

"तो कुसक्या बांगड्याचो? दोन रात्री माझ्या बाकड्यार निजलो बिचारो. त्याची मासळी खड्ड्यात पुरली तरी वास जायना. अजून मांजरा थंयसून हलणत नाय."

नाझमीनला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग राग आला. रमीझ सुटला होता, पण गावाला ते नको होतं. गावाला आपला नसलेला माणूस मिळाला होता आणि त्यावर गाव समाधानी होता. खरं म्हणजे रमीझ काय नि बाकीचे काय, कोणाचंच नाव टिकत नव्हतं. कौल होईपर्यंत ज्याला त्याला गावपळण अनपेक्षितच होती. कौल झाला त्या संध्याकाळी सगळा गाव कोयते घेऊन माडांवर चढला होता आणि हिरवीगार चुडतं तशीच आडवी-उभी बांधून लोकांनी खोप्या उभ्या केल्या होत्या. त्यांतून ऊन ठिपकत होतं आणि आलिमाला चक्कर आली होती. आबांनी तेव्हा तिला आपल्या खोपीत नेऊन निजवलं होतं, कपाळावर ओलं फडकं ठेवलं होतं. "हयसर बरी सावली आसा, वैनी," असं ते म्हणाले होते. त्या माणसाने पाखाडीपाशी 'आपलो नाय' असं बोलावं याचं नाझमीनला सगळ्यात जास्त लागलं होतं.

५

सुनावणीच्या आधीच्या शनिवारी आलिमाला आठवलं की तांब्याची हंडी सड्यावरच राहिली. नाझमीन ती आणायला गेली.

सडा उन्हात पडला होता. खोप्या तशाच होत्या. गावपळणीच्या खोप्या कोणी मोडत नाही, वाराच त्यांना नेतो. आपल्या खोपीत वाकून हंडी उचलताना तिच्या हाताला चुडत लागलं. वाळत आलं होतं, पिवळसर तपकिरी झालं होतं. बाहेर येऊन तिने रांगेकडे पाहिलं. सगळ्यांच्या खोप्यांना तोच रंग आला होता.

हा रंग तिने आधी कुठे पाहिला होता?

ती हंडी घेऊन आबांच्या खोपीपाशी गेली. तिथे नुसती चुडतं नव्हती, विणलेले झाप होते. चुडतं खाडीत भिजत घालायची, मग चिरून विणायची, मग उन्हात सुकवायची, तेव्हा झाप होतो. घाईचं काम नाही ते. पहिल्याच दिवशी, गावाच्या खोप्या हिरव्या असताना, आबांची खोपी या रंगाची होती. म्हणूनच आत सावली होती. म्हणूनच आईला तिथे बरं वाटलं.

जुने झाप असतील, तिने स्वतःलाच समजावून पाहिलं. पण पावसाळा काढलेला झाप काळा पडतो, हातात घेतला की भुगा होतो. हे झाप कोरे होते, खोपीच्या मापाचे होते.

गावात झाप विणते गंगू. नाझमीन तिच्या अंगणात गेली तेव्हा ती जाळं शिवत होती.

"आबांचे झाप तू विणलंस?"

"मीच. आणि कोण विणतला?"

"कधी?"

"कार्तिकात. सुपारीच्या रोपांका सावली करूची म्हणान सांगल्यान." गंगूची सुई थांबली. ती बाई काही खुळी नव्हती. "आबाकडे सुपारीची रोपा खंय आसत गो?" ती हळूच म्हणाली.

६

आबा देवळाच्या पायरीवर फुलं निवडत बसले होते. दुपारची वेळ होती, देवळात दुसरं कोणी नव्हतं. नाझमीन नेहमीप्रमाणे खालच्या पायरीशी उभी राहिली.

"आबा, झाप कौलाच्या आदी विणून घेतलास."

ते फुलं निवडत राहिले. नाकारतील असं तिला वाटलं होतं. नाकारलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

"उजवी पाकळी सुकी लायलंय," ते म्हणाले. "देवाच्या अंगार उजवी आदी पडली की निघूचा. सुकी पाकळी आदी पडताच. इतक्याच केलंय मी. बाकीचा त्या कंपनीवाल्यांनी केल्यानी."

"कित्याक?"

"वर बघ."

तिने वर पाहिलं. सभामंडपाचे वासे वाळवीने खाल्ले होते, कौलं फुटली होती, एका कोपऱ्यात ताडपत्री बांधलेली होती.

"कितके वर्षा वर्गणी मागतंय. ज्याच्या त्याच्याकडे बोटीक पैसे आसत, मोबाइलाक आसत. त्या लोकांनी एका शब्दान मंडप बांधून देतंव म्हटल्यानी. माका एक पैसो मिळूक नाय, चेडवा. मी देवाचासाठी केलंय."

"आणि रमीझ? तोव देवाचासाठी?"

पहिल्यांदाच त्यांचा हात थांबला.

"कोणाचा तरी नाव घेवक होया होता," ते म्हणाले. मग तिच्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत लाज होती की धमकी, हे तिला कळलं नाही. "सांग तू. सोमवारी उभी रव आणि सांग, आबान कौल फिरवलो. मुसलमानाच्या चेडवान आडबंदरच्या देवाचो कौल खोटो म्हटल्यान, असो बोभाटो होतलो. आज काचे फुटले. उद्या घर रवता काय बघ. आणि तुझ्या आयशीक चक्कर इली तेव्हा सावली खंयची होती, ता इसारलंस?"

ती मागे वळली. एवढा संताप तिला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि तो ठेवायला तिच्याकडे जागाही नव्हती.

७

सोमवारी नगरपंचायतीचं सभागृह भरलं होतं. एका बाजूला रापणीचे लोक, एका बाजूला स्वरूप, पहिल्या रांगेत आबा. रमीझ दाराबाहेर उभा होता.

नाझमीन उठली.

"सर, कार्तिकात आर्किटेक्टने पाहणीची एकच तारीख हट्टाने मागितली. जेसीबी तेव्हाच सांगून ठेवला. म्हणजे त्या दिवशी गाव रिकामा असणार, हे त्यांना कौलाच्या आधी ठाऊक होतं. गावाला कौलानंतर कळलं. रमीझ त्या रात्री इन्सुलीला होता, साक्षीदार आहे. राहिला तो माणूस, ज्याला गावपळणीची तारीख आधीच माहीत होती. सगळ्यांच्या खोप्या हिरव्या होत्या, एकाची वाळलेल्या झापांची होती. ते झाप कधी विणले, हे गंगूबाईंना विचारा."

तिने नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. माना पहिल्या रांगेकडे वळल्या होत्या.

"गंगूबाई," साहेब म्हणाले, "ज्या झापांबद्दल या बोलतायत ते तुम्ही केव्हा विणलेत?"

गंगू उभी राहिली. तिने आबांकडे पाहिलं नाही, नाझमीनकडेही पाहिलं नाही. खिडकीतून समुद्राचा तुकडा दिसत होता, तिकडे ती बघत राहिली. तिच्या दोन्ही हातांना जाळ्याच्या दोराचे घट्टे होते.

"कौल झाल्यावर," ती म्हणाली.

"नक्की?"

"नक्की. कौल झाल्यावरच."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. संगनमत सिद्ध होत नाही, जागेवर वाट नाही, सबब हरकत अमान्य. मंजुरीची टिप्पणी नाझमीननेच लिहायची होती, कारण ते तिचं टेबल होतं.

संध्याकाळी गंगू तिला नगरपंचायतीच्या फाटकाशी भेटली.

"माझ्यार रागावलंस?"

"तुझी वाट होती, गंगू. तुझीच."

"होती. वाट गेली तर फिरान जावक येता." गंगूने डोळे पुसले. "देवच खोटो ठरलो तर आमी खंय जावचा गो?"

रमीझने त्याच महिन्यात बिऱ्हाड वेंगुर्ल्याला हलवलं. त्या हंगामात मासळीचा थवा चार वेळा दिसला आणि चारही वेळा माणसं पुलावरून पोचेपर्यंत मासळी निघून गेली.

८

पुढच्या वर्षी देवळाला संगमरवरी मंडप झाला आणि रिसॉर्टने दुसऱ्या टप्प्याचा अर्ज टाकला. या वेळी त्यांना गावाच्या होड्या ओढून ठेवायची किनाऱ्यावरची जागा हवी होती. स्वरूपने पाहणीसाठी मार्गशीर्षातली एकच तारीख मागितली आणि साहेबांनी ती दिली. बदली न मिळालेल्या सिद्धेशने नोटीस टाइप केली, नाझमीनने ती बाहेरच्या फलकावर टाचणीने लावली. एवढं तरी तिने केलं, तारखेखाली शाईने जाड रेघ ओढली.

बाजारातून येणारी माणसं थांबत होती. कोणी मोठ्याने वाचत होतं, बाकीचे ऐकत होते. गंगूने दोनदा वाचून घेतली. कोणी हरकतीचा अर्ज मागितला नाही, आरडाओरड केली नाही. नाझमीन खिडकीतून बघत होती आणि कोणीतरी ओरडावं म्हणून मनातून विनवत होती.

ऑफिस सुटल्यावर ती खाडीकाठाने घरी निघाली. पुलाखाली बायका गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. झापांसाठी चुडतांच्या मोळ्या पाण्यात सोडून वर दगड ठेवत होत्या. एक वाडी नव्हे, सगळ्या वाड्या होत्या. गंगू सगळ्यांना जागा वाटून देत होती. कौलाला अजून पंधरवडा होता.

ती जवळून गेली तरी कोणी मान वर केली नाही.

घरी आलिमा मागच्या दारी कोयत्याला धार लावत होती. तिने मुलीला पाणी दिलं, ती पिऊन होईपर्यंत थांबली, आणि मग साध्या आवाजात विचारलं, "आपली चुडता कधी भिजवूची गो?"